ग्रास्सी आणि डासांची नावे

हिवतापाच्या परजीवीचा डासाशी असलेला संबंध प्रथम आपल्या देशात प्रत्यक्ष दिसला, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो यथार्थही आहे. अलमोड्यास जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे एका डासाच्या जठरभित्तीत या परजीवीच्या पेशी पाहिल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास उलगडून दाखविला. परंतु सिकंदराबादचा तो डास नेमका कोणता, हे त्यांना सांगता आले नव्हते. ठिपकेदार पंखांचा व तपकिरी, एवढीच त्याची ओळख. रॉस कवी होते, कादंबरीकार होते, गणितातही त्यांची गती होती. प्राणिवैज्ञानिक मात्र ते नव्हते. माणसाचा हिवताप पसरविणाऱ्या डासाला त्याचे शास्त्रीय नाव देऊन त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले ते जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी या इटालियन संशोधकाने. मानवी हिवतापाच्या एका परजीवीचे आज रूढ असलेले व्हायव्हॅक्स हे नावही त्यांनी व त्यांचे सहकारी फेलेत्ती यांनी १८९० मध्ये दिलेले आहे.

ग्रास्सींचा जन्म २७ मार्च १८५४ रोजी लोम्बार्दीतील कोमोनजीकच्या रोव्हेल्लास्का या गावी झाला. पाव्हिया विद्यापीठातून ते १८७८ मध्ये वैद्यकाचे पदवीधर झाले. गॉल्जी हे तेथील त्यांच्या गुरुजनांपैकी एक. रोग्याच्या विष्ठेतील अंडी पाहून अंकुशकृमीचे निदान करता येते, हे ग्रास्सींनी विद्यार्थिदशेतच दोघा सहकाऱ्यांसह दाखविले. जंताची अंडी पोटात गेली की दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या मध्यस्थीवाचून जंत वाढतो काय, हा प्रश्न तेव्हा अनिर्णित होता. आपल्या पोटात जंत नाहीत याची आधी खात्री करून घेऊन त्यांनी १८७९ मध्ये ती अंडी स्वतःच गिळली आणि पुढे स्वतःच्याच विष्ठेत नवी अंडी शोधून काढली. वैद्यकाची पदवी मिळाली तरी वैद्यकीचा व्यवसाय त्यांनी केला नाही. मेस्सीना व हायडेलबर्ग येथे प्राणिविज्ञानाचे शिक्षण घेऊन १८८३ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते काटानिया येथे प्राध्यापक झाले.

काटानियाच्या वर्षांत त्यांनी वाळवीच्या वसाहतींचा अभ्यास केला, पक्ष्यांच्या रक्तातील परजीवी तपासले आणि कोळ्यांच्या वर्गातील एका इवल्याशा आदिम प्राण्याचा शोध लावला. या प्राण्याच्या वंशाला त्यांनी पत्नीच्या माहेरच्या आडनावावरून केनेनिया हे नाव दिले. पण नाव देण्याइतकेच नाव पुसण्याचेही काम त्यांच्या हातून झाले. भूमध्य समुद्रात सापडणारा, पानासारखा चपटा व काचेसारखा पारदर्शक एक लहान मासा लेप्टोसिफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस या नावाने स्वतंत्र जाती म्हणून ग्रंथांत नोंदलेला होता. हा निराळा मासाच नव्हे, वाम माशाची ती बाल्यावस्था आहे, असे ग्रास्सी व कालान्द्रुच्चो यांनी सिद्ध केले. वाळवीच्या व या कामाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ मध्ये त्यांना डार्विन पदक दिले. दोन नावांमागे प्राणी एकच होता. आयुष्याच्या अखेरीस त्यांच्यापुढे नेमका उलटा प्रश्न उभा राहणार होता.

१८९५ मध्ये ते रोम विद्यापीठात तौलनिक शरीररचनाशास्त्राच्या आसनावर आले. तौलनिक हे विशेषण आपल्या विद्याशाखेनेही धारण केलेले आहे, म्हणून ग्रास्सींनी १८९८ च्या उन्हाळ्यात त्याचा कसा उपयोग केला हे आपण थोडे सावकाश पाहावे. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होताच; परंतु आधी त्यांनी प्रवास केला. हिवतापाने ग्रासलेले प्रदेश आणि हिवतापापासून मुक्त असलेले प्रदेश, दोन्हींकडे हिंडून त्यांनी डास गोळा केले आणि त्यांच्या जाती निश्चित केल्या. जो डास निरोगी गावातही विपुल आढळतो, त्याच्यावरचा संशय सैल होतो. जो केवळ रोगी प्रदेशांत आढळतो, त्याच्यावरचा दाट होतो. या वजाबाकीतून सप्टेंबरअखेर संशयितांची संख्या तीनवर आली. त्यांत अग्रभागी होता, ग्रास्सींच्या नोंदींत अनॉफिलिस क्लाव्हिजर या नावाने येणारा डास. त्यानंतर रोमच्या सान्तो स्पिरितो रुग्णालयात, ज्याला पूर्वी कधी हिवताप झाला नव्हता अशा एका रुग्णाच्या संमतीने, त्याच्या खोलीत डास सोडण्यात आले. आधीचे प्रयत्न फसले होते. नोव्हेंबरच्या आरंभी मात्र त्याला ताप आला. (ती संमती आजच्या कसोट्यांना कितपत उतरली असती, याविषयी मला शंका आहे.) बिन्यामी व बास्तियानेल्ली या सहकाऱ्यांसह वर्षाअखेर ग्रास्सींनी मानवी परजीवीचा अनॉफिलिसमधील संपूर्ण जीवनक्रम लिन्चेई अकादमीपुढे मांडला.

यानंतर जो कलह झाला त्याने दोन्ही पक्षांची शोभा झाली नाही. रॉस यांनी ग्रास्सींवर चौर्याचा आरोप केला आणि तो हयातभर सोडला नाही. ग्रास्सींनीही आरंभीच्या निबंधांत रॉस यांच्या कार्याचा उल्लेख हात राखूनच केला होता, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य केले पाहिजे. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले. रॉबर्ट कॉख यांचे वजन ग्रास्सींच्या विरुद्ध पडले, असे या प्रकरणाचे बहुतेक अभ्यासक मानतात. माझ्या मते डास हा वाहक आहे हे तत्त्व रॉस यांचे आहे आणि ते कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. परंतु कोणता डास, या प्रश्नाचे उत्तर ग्रास्सींचे आहे, आणि त्या उत्तरावाचून डासांविरुद्धची कोणतीही मोहीम आंधळीच राहिली असती. जातिनिश्चिती ही शोधाची पूर्वतयारी असते, प्रत्यक्ष शोध नव्हे, अशी पारितोषिक देणाऱ्यांची समजूत होती की काय, कोण जाणे. पाठचिकित्सा करणाऱ्यांच्या वाट्याला आपल्याकडेही असाच न्याय येतो.

१९०० मध्ये दक्षिण इटलीतील कापाच्चोच्या हिवतापग्रस्त मैदानात त्यांनी रेल्वेच्या ११२ माणसांना सायंकाळपासून पहाटेपर्यंत जाळ्या लावलेल्या घरांत ठेवले. त्यांपैकी पाचच जणांना हिवताप झाला. ज्यांना असे संरक्षण नव्हते ते ४१५ जण सर्वच्या सर्व आजारी पडले. याच वर्षी हिवतापावरील त्यांचा मोठा ग्रंथही प्रसिद्ध झाला. पुढे मात्र नोबेलच्या कडवटपणाने म्हणा वा जिज्ञासा दुसरीकडे वळल्याने म्हणा, ते या विषयापासून दूर गेले. १९०७ मध्ये वालुमाश्यांवर व १९१२ मध्ये द्राक्षवेलींच्या फायलॉक्झेरा या किडीवर त्यांचे विस्तृत प्रबंध आले. दुसऱ्या कामात आन्ना फोआ या विदुषीचा वाटा मोठा होता. १९०८ मध्ये ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इटलीत हिवताप पुन्हा बळावला आणि साठी उलटलेले ग्रास्सी रोमनजीकच्या फ्यूमिचीनो या दलदलीच्या किनाऱ्यावर पुन्हा डासांच्या मागे लागले. १८९८ पासूनच एक सल त्यांच्या मनात होता. हिवताप आहे तेथे अनॉफिलिस असतोच, हे त्यांचे सूत्र टिकले होते. परंतु अनॉफिलिस आहे तेथे हिवताप असतोच असे नव्हते. डास मुबलक आणि ताप नाही, असे प्रदेश युरोपभर विखुरलेले होते आणि विरोधक त्यांच्याकडे बोट दाखवीत. १९२१ च्या सुमारास नेपल्सनजीकच्या ओर्ती दि स्कीतो या भागात ग्रास्सींनी याचा बारकाईने अभ्यास केला. तेथे अनॉफिलिस गोठ्यांत थव्यांनी होते, पण ते गुरांचे रक्त पीत आणि माणसाच्या वाटेला जवळजवळ जात नसत. रूपाने ते हिवताप पसरविणाऱ्या डासांहून वेगळे ओळखता येत नव्हते. तेव्हा एकाच जातीत सवयीने भिन्न झालेली, माणसाला टाळणारी ही एक निराळी शाखा असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या नावाच्या बळावर १८९८ चा खटला जिंकला, ते नावच पुरेसे नेमके नव्हते, अशी ही कबुली होती. ती ग्रास्सींनी आपणहून दिली. त्यांच्या जीवनात नोबेलच्या प्रकरणाहून मला हाच प्रसंग अधिक मोठा वाटतो.

४ मे १९२५ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार फ्यूमिचीनोच्या भूमीत त्यांना पुरण्यात आले. पुढच्या वर्षी आरोग्य खात्यातील दोमेनिको फाल्लेरोनी या निरीक्षकाने एक साधी गोष्ट प्रसिद्ध केली. पाण्यावर तरंगणाऱ्या या डासांच्या अंड्यांवर निरनिराळी नक्षी असते. एका मादीची सर्व अंडी एकाच नक्षीची असतात आणि तिच्या मुलींच्या अंड्यांवरही तीच उतरते. त्यांतील दोन प्रकारांना त्यांनी खात्यातील दोघांच्या नावांवरून लाब्रांकिए व मेस्सेए अशी नावे दिली. १९३० नंतर हॅकेट, मिस्सिरोली व मार्टिनी यांनी ही नक्षी हिवतापाच्या नकाशाशी ताडून पाहिली, तेव्हा कोडे सुटले. उबदार किनाऱ्यावरचा, मचूळ पाण्यातही वाढणारा आणि माणसाला चावणारा लाब्रांकिए हिवताप पसरवीत होता; गोड्या पाण्यात वाढणारा व गोठ्यात रमणारा मेस्सेए बहुतांशी निरुपद्रवी होता. या समूहातील भिन्न प्रकारांचा संकर घडविला असता कित्येकदा नर वांझ निपजतात, हेही दिसून आले. पुढे गुणसूत्रांतील भेदही उमगले. म्हणजे ग्रास्सींना सवयीचा भेद वाटला तो जातींचाच भेद होता. रूप अभंग राहूनही जाती विभागल्या जातात, याचे हे उदाहरण जातिनिर्मितीच्या चर्चेत पुढे वारंवार येत राहिले. त्या एका नावाखाली आज दहाहून अधिक जाती ओळखल्या जातात. आपल्याकडील अनॉफिलिस क्युलिसिफेसीसच्या बाबतीतही असेच घडले. १९८० मध्ये त्यात अ व ब अशा दोन जाती वेगळ्या ओळखल्या गेल्या, आणि भारतात त्यांतील ब ही हिवतापाची दुबळी वाहक ठरली.

नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा व आणखीही कोणाकोणाचे अभंग मिसळले आहेत, हे मराठीच्या अभ्यासकाला सांगायला नको. तेथेही नाममुद्रा एक, कवी अनेक. आणि ते वेगळे काढायचे तर मुद्रेवर न थांबता भाषेच्या सवयींकडे जावे लागते. अभंगांच्या बाबतीत आपल्याला अंड्यांवरच्या नक्षीइतका निर्णायक पुरावा अद्याप मिळालेला नाही, एवढाच फरक.

ग्रास्सींच्या त्या क्लाव्हिजरचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. नामकरणाच्या नियमांप्रमाणे त्यांच्या डासाला मॅक्युलिपेनिस म्हणावे असे ठरले, आणि ते नावही नंतर वर सांगितल्याप्रमाणे एका समूहाचे झाले. अनॉफिलिस क्लाव्हिजर या नावाने आज जो डास ओळखला जातो, तो दुसराच आहे.