रक्तसाक्षी कवी संत रॉबर्ट साउथवेल

फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आमच्या वाचकांस परिचयाचे आहे. हे स्टीफन्स इंग्रज होत. १५७५ मध्ये ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले व १५७९ मध्ये गोव्यास आले. १५७८ साली त्याच नगरात त्याच संघात आणखी एक इंग्रज तरुण शिरला. तोही पुढे कवी झाला. मात्र त्याच्या वाट्यास मायदेश आला, आणि त्या काळी कॅथोलिक धर्मगुरूस इंग्लंडइतका घातक देश क्वचितच असेल.

संत रॉबर्ट साउथवेल यांचा जन्म १५६१ च्या सुमारास नॉर्फोक परगण्यात झाला. त्यांचे आजोबा आठव्या हेन्री राजाच्या वतीने मठ मोडणाऱ्यांपैकी एक. घराण्याचा वाडा म्हणजे असा एक मोडलेला मठच होता. ज्या भिंतींआडून संन्याशांस हुसकावले, त्यांच्याच आश्रयाने हा बालक वाढला. देवाची योजना पाहावी ती ही!

१५८४ मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी इंग्लंडात कायदा झाला की, परदेशी दीक्षा घेतलेला धर्मगुरू राज्यात सापडल्यास तो राजद्रोही समजावा. हे ठाऊक असूनही १५८६ मध्ये ते फादर हेन्री गार्नेट यांच्यासह मायदेशी उतरले. सहा वर्षे त्यांनी वेषांतर करून मिस्सा केली, पापनिवेदने ऐकली व लेखणीही चालविली. ॲरंडेलचे उमराव फिलिप हॉवर्ड धर्मासाठी तुरुंगात होते. त्यांच्या धीरासाठी लिहिलेल्या पत्रांतून एक ग्रंथच झाला, व तो गुप्तपणे छापला गेला.

१५९२ च्या जूनमध्ये विश्वासघात होऊन ते पकडले गेले. टॉपक्लिफ नामक अधिकाऱ्याने आपल्या घरीच त्यांचे अनन्वित हाल केले. तरी त्यांच्या तोंडून एकाही आश्रयदात्याचे नाव निघाले नाही. या कविता तुरुंगात रचल्या गेल्या अशी समजूत आहे. ती आम्हांस पटत नाही. ज्यास लेखणी व शाई मिळणे दुरापास्त होते, त्याने एवढी रचना कशी करावी? त्यांतील बहुतेक आधीच्याच असाव्यात.

२१ फेब्रुवारी १५९५ रोजी टायबर्न येथे त्यांस फाशी दिले. जिवंत असतानाच दोर कापून देह चिरावा अशी शिक्षा होती. परंतु जमावाने तसे होऊ दिले नाही. प्राण जाईपर्यंत कोणी दोरास हात लावू शकला नाही.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे पेत्राच्या पश्चात्तापावरील काव्य उघडपणे विक्रीस आले व लोकांनी ते हातोहात उचलले. ज्यास राजद्रोही म्हणून मारले, त्याचेच पुस्तक प्रॉटेस्टंट घरांतूनही भक्तीने वाचले जाई. बेन जॉन्सनसारखा मानी कवीसुद्धा, त्यांची जळत्या बालकावरील एक कविता आपली असती तर आपल्या कितीतरी कविता नष्ट करावयास तयार होता. तथापि वेदीवरील पवित्र साक्रामेंतावरील व देवमातेच्या स्वर्गोन्नयनावरील कविता लंडनच्या छापखान्यांनी वगळल्या. त्या टिकल्या त्या भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या वह्यांत. अशी एक वही लँकेशायरातील स्टोनीहर्स्ट येथे येशूसंघीयांच्या ग्रंथसंग्रहात, दुसरी लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी इंग्लंड-वेल्सच्या चाळीस रक्तसाक्षींसमवेत त्यांस संत घोषित केले, तेव्हा त्या वह्यांची शाई जवळजवळ चार शतकांची झाली होती.