सुगरणीचा खोपा आणि डॉ. सलीम अली

शेतकरी बंधूंनो, नातेपुत्याच्या शिवारात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबताना आपण बघतो. पण खोपा विणतो कोण? मादी नव्हे, नर! तो खोपा निम्मा विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडला तर मुक्काम करते. मग नर तो पुरा करून दुसरा विणायला घेतो. ही रीत डॉ. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला बारकाईने टिपली. तेव्हा त्यांना नोकरीही नव्हती.

त्यांचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी सांभाळले. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि जन्मभर पक्ष्यांचेच झाले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले. पुढे सिंगापूरचे मित्र लोके वान थो फोटो काढत, हे वहीत नोंदी करत. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान १९६३ साली मोराला मिळाला. आपल्या जिल्ह्यात नान्नजला मात्र १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. २० जून १९८७ रोजी सलीम अली वारले.

मंडळी, सुगरण ज्वारीची कोवळी कणसं टिपते हे खरं, हाकारून उडवा. पण पिलांना ती किडे-अळ्या भरवते, हेही ध्यानात घ्या. पोरांना खोपे पाडू देऊ नका. मोबाईलवर फोटो घ्यायचा तर लांबूनच घ्या. जवळ गेलात की पाखरं बुजतात आणि पिलं उपाशी राहतात.