स्टालिनग्राडची लढाई कामगारांच्या चाळीत नेणारा शाहीर

मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांप्रमाणे बीड जिल्ह्यातही १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांची जयंती मोठ्या प्रमाणावर साजरी होते. ‘फकिरा’कार म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मात्र त्यांची पहिली ओळख युद्धकाळातील शाहीर अशी होती.

अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या एका मातंग कुटुंबात झाला. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. दारिद्र्यामुळे हे कुटुंब पायी मुंबईला आले. हमाली, गिरणीतील काम अशी मिळेल ती मजुरी करीत असतानाच ते अक्षरओळख शिकले आणि कामगार चळवळीत ओढले गेले.

ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात स्टालिनग्राडच्या नागरिकांनी आणि कामगारांनी सैन्याच्या बरोबरीने हिटलरच्या फौजांशी झुंज दिली. त्यावर अण्णा भाऊंनी १९४३ मध्ये पोवाडा रचला. गडकिल्ल्यांचा पराक्रम गाणारा हा काव्यप्रकार त्यांनी दूरदेशीच्या सामान्य माणसांसाठी वापरला, आणि व्होल्गा नदी कधी न पाहिलेल्या गिरणी कामगारांना ती लढाई आपली वाटू लागली. चीनमध्येही तेव्हा जपानी आक्रमणाविरुद्ध असेच काव्य घडत होते. १९३८ मध्ये येनान येथे त्येन च्येन आदी कवींनी रस्त्यांवरील भिंतींवर कविता लिहिल्या. त्या शिक्षितांपुरत्या राहू नयेत, हाच त्यामागचा हेतू होता.

१९४४ मध्ये अण्णा भाऊंनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. बंगालचा दुष्काळ त्यांच्या पोवाड्यात आला, तसेच चीनमधील नानकीनही आले. ‘तेलंगणाचा संग्राम’ हा पोवाडा तर बीडकरांना विशेष जवळचा. तेलंगणातील शेतकरी ज्या निजामी राजवटीशी लढत होते, त्याच राजवटीखाली बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होता.

स्टालिनग्राडच्या पोवाड्याचा रशियन भाषेत अनुवाद झाला. १९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्याच वर्षी ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. एवढा लौकिक लाभूनही अखेरची वर्षे हलाखीतच गेली. १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, मुंबईत गोरेगाव येथील वस्तीत त्यांचे निधन झाले.