डव्ह नदीकाठचा उन्हाळा आणि आयझॅक वॉल्टन

गळाने मासे धरण्याच्या छंदावर इंग्रजीत विपुल ग्रंथरचना झाली आहे. परंतु त्यांत सर्वाधिक ख्याती आयझॅक वॉल्टन यांच्या 'द कम्प्लीट अँग्लर' या ग्रंथाला लाभली. १६५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या आजवर शेकडो आवृत्त्या निघाल्या आहेत. गळाला पिसे, रेशीम व लोकर यांची कृत्रिम माशी बांधून ट्राउट जातीचा मासा धरण्याच्या कलेला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. या कलेचे उपासक वॉल्टन यांना आद्य आचार्य मानतात. वस्तुस्थिती मात्र थोडी निराळी आहे. वॉल्टन हे प्रामुख्याने गांडूळ, नाकतोडा, बेडूक असे आमिष लावून गळ टाकणारे गृहस्थ होते. माशीच्या गळाविषयीचे आपले ज्ञान अपुरे आहे, याची त्यांना जाणीव होती. ही उणीव त्यांनी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी भरून काढली. तीही स्वतःच्या लेखणीने नव्हे.

वॉल्टन यांचा जन्म इंग्लंडमधील स्टॅफर्ड या गावी १५९३ साली झाला. वडील खानावळ व धर्मशाळा चालवीत. आयझॅक जेमतेम तीन वर्षांचे असताना ते निवर्तले. तरुणपणी वॉल्टन लंडनला आले, कापडाच्या व्यापारात उमेदवारी करू लागले आणि १६१८ साली लोहार-व्यापाऱ्यांच्या संघाचे सभासद झाले. पुढे फ्लीट स्ट्रीट परिसरात त्यांचा व्यवसाय स्थिरावला. जवळच्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये कवी जॉन डन हे धर्मगुरू होते. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या व्यापाऱ्याची त्या विद्वान कवीशी मैत्री जडली, आणि तिच्यातूनच वॉल्टन लेखक झाले. डन यांचे चरित्र सर हेन्री वॉटन लिहिणार होते व वॉल्टन यांनी केवळ साहित्य गोळा करून द्यायचे होते. १६३९ साली वॉटन यांचे निधन झाले आणि ते काम वॉल्टन यांच्याकडे आले. १६४० साली ते चरित्र प्रसिद्ध झाले. पुढे वॉटन, हुकर, हर्बर्ट व सँडरसन यांचीही चरित्रे त्यांनी लिहिली. इंग्रजी चरित्रवाङ्मयाच्या इतिहासात या पाच चरित्रांना मानाचे स्थान आहे.

याच काळात त्यांच्या घरावर एकामागून एक आघात होत होते. पहिली पत्नी रेचेल १६४० साली वारली. तिची सातही अपत्ये बालवयातच दगावली. १६४२ साली राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. वॉल्टन राजनिष्ठ आणि इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे अनुयायी होते. १६४५ साली त्यांच्या पंथाच्या प्रार्थनाग्रंथावर बंदी आली, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला आणि स्नेही धर्मगुरू पदच्युत होऊन विखुरले. १६५१ च्या सप्टेंबरमध्ये वूस्टरच्या लढाईत चार्ल्स दुसरे यांचा पराभव झाला. त्यांचे 'लेसर जॉर्ज' हे रत्नजडित पदक अनुयायांनी लपवून ठेवले होते. ते स्टॅफर्डशरमधून लंडनला गुपचूप पोहोचविण्याची जोखीम घेणाऱ्यांत अठ्ठावन्न वर्षांचे वॉल्टनही होते. पकडले गेले असते, तर त्यांची धडगत नव्हती.

हा प्रसंग ध्यानी घेतला म्हणजे दोनच वर्षांनी आलेल्या त्यांच्या ग्रंथाचा अर्थ नीट लागतो. मे महिन्यातील एका सकाळी लंडनच्या उत्तरेकडील वाटेवर एक गळकरी आणि एक वाटसरू भेटतात. ली नदीच्या काठाने चालत ते मासे, पाऊस, गाणी आणि भोजन यांविषयी बोलत राहतात, एवढेच त्याचे कथानक. क्रॉमवेल यांनी सैन्यबळाने पार्लमेंट मोडून टाकले त्याच सुमारास हे पुस्तक विक्रीस आले. किंमत होती अठरा पेन्स. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. पुस्तकात राजकारणाचा उल्लेख जवळपास नाही. परंतु त्या काळी स्वस्थपणे नदीकाठी बसावे, असे म्हणणे हीदेखील एक बाजू होती, असे मानावयास जागा आहे.

ग्रंथात त्रुटी होत्या. विशिष्ट पाणवनस्पतीपासून सूर्याच्या उष्णतेने पाइक मासा उत्पन्न होतो, असे जुन्या ग्रंथकारांचे मत वॉल्टन यांनी विश्वासाने नोंदविले. कृत्रिम माशीवरील मजकूर तर बहुतांश थॉमस बार्कर यांच्या १६५१ च्या पुस्तकावरून घेतलेला होता. तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितलेही. बारा माश्यांची त्यांची यादी दीडशे वर्षांहून जुन्या, १४९६ साली छापलेल्या एका ग्रंथापर्यंत मागे जाते.

यावर सर्वांत कडवी टीका रिचर्ड फ्रँक यांनी केली. क्रॉमवेल यांच्या पक्षाचे हे शिपाईगडी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील नद्या व सरोवरे पायाखाली घालून आले होते. सॅमन व ट्राउट यांना माशीने धरण्याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. त्यांच्या लेखी वॉल्टन हे इतरांच्या पुस्तकांवरून लिहिणारे पुस्तकी गळकरी. पाइकच्या उत्पत्तीवरून दोघांची स्टॅफर्डमध्ये खडाजंगी झाली आणि वॉल्टन रागाने निघून गेले, असे फ्रँक नोंदवितात. त्यांचा ग्रंथ १६९४ साली, वॉल्टन यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. भाषा अवजड असल्याने तो फारसा वाचला गेला नाही. मात्र डोंगरी पाण्याच्या बाबतीत फ्रँक यांची बाजू सरस होती, हे मान्य करावयास हवे.

वॉल्टन आपले पुस्तक सतत सुधारत राहिले. १६५५, १६६१, १६६८ आणि १६७६ अशा आणखी चार आवृत्त्या त्यांच्या हयातीत निघाल्या. तेरा प्रकरणांची एकवीस झाली. माशीचे प्रकरण मात्र त्यांच्या हातून पूर्णत्वास जाईना. त्यासाठी त्यांना आठवण झाली ती चार्ल्स कॉटन यांची. डर्बीशर व स्टॅफर्डशर यांच्या सीमेवर, डव्ह नदीकाठच्या बेरेसफर्ड हॉलमध्ये राहणारे हे कवी वॉल्टन यांच्याहून सदतीस वर्षांनी लहान. ते वॉल्टन यांना पितृस्थानी मानीत. एक वृद्ध, भाविक व काटकसरी. दुसरा उमदा, खर्चिक आणि कर्जात बुडालेला. नदीने त्यांना एकत्र आणले. १६७४ साली कॉटन यांनी डव्हच्या काठी दगडी मत्स्यगृह बांधले आणि त्याच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरविली.

ही डव्ह नदी ली नदीसारखी संथ, मैदानी नव्हे. ॲक्स एजच्या उंच माळावर ती उगम पावते. तेथील कुजट दलदली मातीमुळे तिचे पाणी आरंभी काळपट असते. पुढे ती चुनखडीच्या डोंगरांतून उतरते, वाटेतले झरे तिला मिळतात आणि पाणी इतके नितळ होते की तळाचे खडे मोजावेत. असे पाणी गळकऱ्याची परीक्षा पाहते. काठावरची सावली हलली तरी ट्राउट दिसेनासा होतो. माळावर मोठा पाऊस झाला की पाणी गढूळ होऊन चढते आणि माशीचा काही उपयोग राहत नाही. ते ओसरून निवळू लागले की उत्तम वेळ येते. ढगाळ आकाश व पाण्यावर हलके तरंग उठविणारा वारा असेल, तर मासा निर्धास्तपणे वर येतो. दक्षिणेकडचा वारा चांगला, हे तर वॉल्टनही सांगून गेले होते.

मेचा उत्तरार्ध आणि जून या काळात आणखी एक घटना घडते. मे-फ्लाय नावाच्या कीटकाची पिल्ले तळाच्या गाळात साधारण दोन वर्षे वाढलेली असतात. ती आता वर येतात, कात टाकतात आणि पंख फुटून उडू लागतात. पंख फुटल्यानंतर हा कीटक अन्न खात नाही. थोड्याच दिवसांत समागम, अंडी आणि मृत्यू असा त्याचा क्रम संपतो. पाण्यावर पडणाऱ्या या मेजवानीने ट्राउट एरवीची सावधगिरी विसरतो. इंग्लंडमध्ये या दिवसांना थट्टेने नवशिक्यांचा पंधरवडा म्हणतात. कॉटन यांनी हिरव्या आणि करड्या मे-फ्लायचे वर्णन स्वतंत्रपणे केले आहे; त्या एकाच कीटकाच्या लागोपाठच्या दोन अवस्था आहेत, हे आज ज्ञात आहे. त्यांच्या तारखा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी दिनदर्शिका चालू होती व ती आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होती. त्यांची २५ मे म्हणजे आपली ४ जून.

पाचवी आवृत्ती छापावयास निघाली, तेव्हा वॉल्टन यांनी माशीचा भाग कॉटन यांनी लिहावा असे सुचविले. कॉटन यांनी जेमतेम दहा-बारा दिवसांत तो लिहून काढला आणि १६७६ च्या मार्चमध्ये लंडनला पाठविला. त्यात महिन्यागणिक साठाहून अधिक माश्यांची कृती आहे. काठी लांब असावी, गळाजवळची दोरी घोड्याच्या शेपटीच्या दोनच केसांची असावी आणि माशापासून होता होईल तितके दूर उभे राहावे, हे त्यातील मर्म. निर्मळ पाण्यातील माशीच्या गळाचे शास्त्र खऱ्या अर्थाने येथून सुरू झाले. वॉल्टन यांनी तो मजकूर आपल्या ग्रंथाचा दुसरा भाग म्हणून छापला. उत्तरादाखल पाठविलेल्या पत्रात त्यांनी कॉटन यांचे मनापासून आभार मानले आणि वय व अंतर यांची पर्वा न करता त्यांच्या भेटीला येण्याची इच्छा कळविली. काश्मीर किंवा हिमाचलातील ट्राउटच्या नद्यांवर आज माशी टाकणारा भारतीय हौशीही नकळत हाच धडा गिरवीत असतो. तेथील ट्राउट तरी ब्रिटिश अमदानीतच, विसाव्या शतकाच्या सुमारास बाहेरून आणून सोडलेला आहे.

अखेरची वर्षे वॉल्टन यांनी विंचेस्टर येथे बिशप मॉर्ली यांच्या व कन्या ॲन हिच्या सहवासात काढली. स्टॅफर्डजवळची आपली शेती त्यांनी गावच्या गरिबांसाठी ठेवली. तिच्या उत्पन्नातून मुलांना उमेदवारीस लावावे, एखाद्या मोलकरणीच्या लग्नाला मदत द्यावी आणि थंडीत कोळसा वाटावा, अशी व्यवस्था मृत्युपत्रात केली. १५ डिसेंबर १६८३ रोजी, नव्वदी ओलांडून ते निवर्तले. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात लंडनजवळ थेम्स नदी गोठली होती. विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना दफन करण्यात आले. १९१४ साली इंग्लंड व अमेरिकेतील गळकऱ्यांनी वर्गणी काढून तेथे रंगीत काचेची खिडकी बसविली. तिच्यात वॉल्टन नदीकाठी पुस्तक वाचत बसलेले दिसतात.

कॉटन यांना कर्जापायी १६८१ साली बेरेसफर्ड हॉल विकावा लागला आणि १६८७ साली लंडनमध्ये निष्कांचन अवस्थेत त्यांचा अंत झाला. तो वाडा आता उरलेला नाही. डव्हच्या वळणावरचे मत्स्यगृह मात्र उभे आहे आणि दारावरच्या दगडात ती जोडाक्षरे आजही दिसतात.