खुर्ची दुसऱ्याला देणारे बसवण्णा

बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये आज कन्नड आणि मराठी दोन्ही कानावर पडतात. १२व्या शतकात हेच कल्याण कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी होतं. महात्मा बसवेश्वरांनी सगळ्या थरांतल्या माणसांना एकत्र बसून बोलायला शिकवलं, ते इथंच.

बसवण्णांचा जन्म आजच्या विजयपूर जिल्ह्यातल्या बागेवाडीचा, ब्राह्मण घरातला. परंपरा सांगते की, माझी मुंज होते तर बहीण नागम्माची का नाही, असं त्यांनी विचारलं. उत्तर पटलं नाही, म्हणून घर सोडून ते कूडलसंगमला शिकायला गेले. पुढे मंगळवेढ्याला बिज्जळाकडे हिशेबाचं काम केलं आणि कल्याणला राज्याच्या भांडाराची जबाबदारी सांभाळली.

कल्याणला अनुभव मंटप सुरू झाला. पद आणि वजन असूनही बसवण्णांनी अध्यक्षपद स्वतःकडे ठेवलं नाही. शून्य सिंहासनावर अल्लमप्रभू बसले. समोर धोबी मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, चांभार हरळय्या. बोलणं संस्कृतात नव्हे, कन्नडमध्ये. त्यामुळे पोथी न शिकलेल्यालाही मत मांडता येई. मान जातीवर नाही, तर 'कायक' म्हणजे स्वतःच्या कष्टावर. अक्कमहादेवी आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला अवघड प्रश्न विचारले आणि ती डगमगली नाही. आयदक्की लक्कम्माने गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणणाऱ्या नवऱ्याला सुनावलं. तिचा तो आवाज वचनांत टिकून राहिला.

मग बोलण्याची कसोटी लागली. हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचं लग्न झालं. सनातनी खवळले आणि बिज्जळाने दोघांच्या वडिलांना क्रूर देहदंड दिला. ११६७च्या सुमारास कल्याण पेटलं, बिज्जळाचा खून झाला, शरण वाट फुटेल तिकडे पांगले. बसवण्णांचा शेवट कूडलसंगमला झाला.

मग मंटप हरला का? मला तसं वाटत नाही. आत बसलेले ऐकायला, विचारायला, बदलायला शिकले होते. दरबार ते शिकला नव्हता. पांगलेल्या शरणांबरोबर वचनंही गेली आणि १५व्या शतकात 'शून्यसंपादने' या ग्रंथात हे संवाद गुंफले गेले. आपल्या मंडळाच्या पुढच्या चर्चेत कोण काय बोललं यासोबत एवढंही बघूया: कोण अजून बोललंच नाही, आणि कोणाला आपण बोलावलंच नाही.