शाळेला अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. पण शाळेच्या नावात हे 'अंगण' आलं कुठून? त्यासाठी डहाणूजवळच्या बोर्डीला जावं लागतं, आणि त्याच्याही आधी राजकोटला.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर, घर प्रार्थना समाजाचं. मुलींना शिकवायचं की नाही, हा प्रश्नच त्या घरात नव्हता. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे वकील असलेल्या मोडकांशी लग्न झालं, त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट किती अवघड असेल, वेगळं सांगायला नको.

अशा वेळी त्यांच्याकडे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद आलं. शिक्षिका घडवणारी ही संस्था. तिच्या प्राचार्यपदावर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई. शिकवायला बाई आणि कारभाराला साहेब, अशी तेव्हाची रीत होती. त्यामुळे ही खुर्ची साधी नव्हती.

ती त्यांनी १९२३ मध्ये सोडली! भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका मॉन्टेसरी पद्धतीनं लहान मुलांचं बालमंदिर चालवत होते, तिथे त्या गेल्या. लोकांच्या लेखी हे वरून खाली येणंच होतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे त्या मुंबईत आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. शाळा, शिक्षिकांचं प्रशिक्षण, 'शिक्षणपत्रिका', असा सगळा व्याप आता त्यांच्या हाती होता.

पण शिशुविहारात येणारी मुलं मुख्यतः शहरी मध्यमवर्गाची. म्हणून पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, ताराबाई बोर्डीला गेल्या. सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य आणि नंतर पुण्यात शिक्षिकेची नोकरी, असा अनुताईंचा प्रवास. ताराबाईंनी त्यांना नुसतं मदतनीस ठेवलं नाही, कामाची जबाबदारी दिली.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथली मुलं गुरं राखायची, म्हणून शाळा कुरणात भरली. मुलींची अडचण आणखी वेगळी. आई कामावर गेली की धाकटं भावंडं थोरलीच्या कडेवर. तिनं शाळेत यायचं कसं? ताराबाईंनी तिला रोज हजेरीचा उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचं नाव विकासवाडी. भावंडं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. मुलींची गळती हा आजही बैठकांचा आवडता विषय आहे. पण थोरलीच्या कडेवर कोण आहे, हे पाहून शाळेची रचना बदलणारे प्रशासक तेव्हाही थोडे होते.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या आणि कोसबाडचा कारभार अनुताईंनी पुढे चालवला.

दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभरात ही केंद्रं सांभाळतात त्या बायकाच. मात्र त्यांना जे मिळतं, त्याला सरकारदरबारी अजूनही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.