डॉ. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर : विझणाऱ्या ताऱ्यांचा हिशोब

३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून युरोपला निघालेल्या एका जहाजावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयाचा! मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून नुकताच पास झालेला. सी. व्ही. रामन त्याचे सख्खे काका. जन्म लाहोरचा, १९ ऑक्टोबर १९१०, कारण वडील रेल्वेच्या हिशोब खात्यात होते. सरकारी स्कॉलरशिपवर तो केंब्रिजला चालला होता. घरी आई खूप आजारी होती, ती पुढच्या वर्षी गेली. बोटीवर वेळच वेळ... आणि हा पठ्ठ्या ताऱ्यांचा शेवट कसा होतो याचं गणित मांडत बसला.

हे गणित काय होतं? ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं, त्या उष्णतेने जे प्रेशर तयार होतं ते ताऱ्याचं स्वतःचं वजन तोलून धरतं. हायड्रोजन संपला की तोल गेला. आपल्या भुसावळजवळच्या दीपनगरला कोळसा संपला तर बॉयलर थंड पडेल. ताऱ्याचं उलटं आहे! गाभा आपल्याच वजनाने आकसतो आणि आकसल्यामुळे आणखी तापतो. भोवतीच्या थरातला हायड्रोजन जोरात जळू लागतो, बाहेरचा भाग फुगून लाल होतो. सूर्याची ही पाळी साधारण ५ अब्ज वर्षांनी येईल. पुढे हेलियमही संपतं, बाहेरचे थर निघून जातात आणि उरतो पृथ्वीएवढा गाभा. याला श्वेत बटू म्हणतात. त्यातला चमचाभर माल काही टन भरेल.

आता आत जळायला काहीच नाही, मग तो कोसळत का नाही? १९२६ मध्ये केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनी याचं उत्तर दिलं होतं. इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे एकमेकांच्या जागेत शिरू देत नाहीत, त्यामुळे उष्णता नसली तरी प्रेशर राहतं. सगळे खूश. प्रत्येक तारा शेवटी शांतपणे विझणार!

बोटीवरच्या मुलाच्या लक्षात आलं की इतक्या दाटीत इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, मग तिथे रिलेटिव्हिटी लावायलाच हवी. ती लावली आणि प्रेशर पुरेसं वाढेना. कॉलमला जसा क्रिटिकल लोड असतो तसाच श्वेत बटूलाही निघाला. सूर्याच्या सुमारे १.४ पट वजन, त्यापुढे तो टिकत नाही.

केंब्रिजला सर आर्थर एडिंग्टन म्हणजे खगोलशास्त्रातले सगळ्यात मोठे नाव. ते चंद्रशेखरांचं काम बघायला नेहमी यायचे, त्यांना आकडेमोडीचं मशीनही त्यांनीच मिळवून दिलं. पण ११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर पेपर वाचून बसले आणि लगेच एडिंग्टन उठले. त्यांनी सगळ्या थिअरीची भर सभेत टिंगल केली. तारा असा कोसळत जाणं त्यांना पटतच नव्हतं. सभा हसली. आपल्याला साध्या व्हायवात एक्स्टर्नल हसला तरी रात्रभर झोप येत नाही, इथे तर अख्खं करिअर पणाला लागलेलं. पाउलीसारखे मोठे लोक खाजगीत चंद्रशेखरच बरोबर म्हणायचे, पण उघडपणे कोणी बोललं नाही. मला तर हे एडिंग्टनच्या टिंगलीपेक्षा जास्त खटकतं.

चंद्रशेखर भांडत बसले नाहीत. १९३७ मध्ये ते अमेरिकेला शिकागो विद्यापीठात गेले, १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर पुस्तक लिहून सगळं गणित त्यात नीट मांडलं आणि विषयच बदलला! पुढेही हीच सवय. एक विषय काही वर्षं घ्यायचा, ग्रंथ लिहायचा, मग नवीन पाटी. १९५२ ते १९७१ अशी एकोणीस वर्षं अॅस्ट्रोफिजिकल जर्नलचं संपादन केलं, ते वेगळंच. आणि एडिंग्टन यांच्याशी मैत्री? ती तुटली नाही. १९४४ मध्ये एडिंग्टन गेले तेव्हा चंद्रशेखरांनी त्यांचा गौरवच केला. हे कसं जमलं असेल, मला खरंच कळत नाही.

१९६७ मध्ये पल्सार सापडले. ते न्यूट्रॉन तारे निघाले, म्हणजे कोसळलेले गाभे. नंतर कृष्णविवरांचे पुरावे आले. १९८३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा चंद्रशेखर ७३ वर्षांचे होते. २१ ऑगस्ट १९९५ ला शिकागोत त्यांचं निधन झालं.

१९९९ मध्ये नासाने सोडलेल्या एक्स-रे दुर्बिणीला त्यांचंच नाव आहे, चंद्रा. हिवाळ्यात आपल्या जळगाव-धुळ्याच्या गच्चीवरून सगळ्यात तेजस्वी दिसतो तो व्याध. त्याच्याशेजारी एक श्वेत बटू आहे, वजन साधारण सूर्याएवढं, म्हणजे मर्यादेच्या आत. नुसत्या डोळ्यांना तो अजिबात दिसत नाही. पण चंद्राने काढलेल्या व्याधाच्या फोटोत जास्त झगझगीत ठिपका आहे तो याचाच.